कापसाच्या एका बोंडात किती विषय?

तलवाडा हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातले गाव. भोवतालचा मुलूख कापसाचा, बाजरीचा, तुरीचा आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कष्टकऱ्यांचा. इथल्या मुलाला वेचणी म्हणजे काय, सरकी म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. बोंडाच्या टोकांनी बोटे कशी ओरखडतात, ते त्याने आईच्या हातावर पाहिलेले असते. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यांकडे निघतात, तेव्हा नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणून मोजतात, हेही त्याला ठाऊक असते. माणूस मोजायचा तो त्याच्या हातातल्या हत्यारावरून!

हातांचे एवढे ज्ञान घेऊन मूल शाळेत जाते आणि तिथे त्याला सांगितले जाते की ते सारे बाहेर ठेव, पुस्तक उघड. आता मात्र वारे फिरले आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ‘करून शिकण्या’वर भर आहे. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे जाऊन काम शिकावे, असेही त्यात सुचवले आहे. आपल्या समाजाने या गोष्टीकडे कसे पाहावे, याचा विचार आम्ही आज वाचकांपुढे मांडत आहोत.

शंका रास्तच आहे

आपल्या वस्तीतली आई म्हणेल, ‘पोराच्या हातातलं खुरपं सुटावं म्हणून त्याला शाळेत घातलं, अन् मास्तर पुन्हा खुरपंच देणार काय?’ ही शंका हसण्यावारी नेऊ नये. गावगाड्याने पिढ्यान्‌पिढ्या हात आपले वापरले आणि अक्षर दुसऱ्यांच्या घरी ठेवले. शाळा झाडायला आपली मुले आणि फळ्याजवळ बसायला दुसऱ्यांची, हा अनुभव आपल्या वडीलधाऱ्यांनी घेतला आहे. जातीने नुसती कामे वाटली नाहीत, काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडून त्यांची उतरंड लावली, हे बाबासाहेबांनी 1936 साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात दाखवून दिले. तेव्हा शाळेत ‘हाताचे काम’ म्हटले की आपण सावध होणारच.

पण विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, हाताने काम करीत शिकण्याचा विचार ज्यांनी जगापुढे मांडला, ते जॉन ड्यूई हे बाबासाहेबांचेच प्राध्यापक होते.

बाबासाहेबांच्या गुरुजींची शाळा

1913 साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी ड्यूईंची व्याख्याने ऐकली. आपल्यावर त्यांचे मोठे ऋण आहे, हे त्यांनी वर सांगितलेल्या ग्रंथातच नमूद केले आहे. जून 1952 मध्ये कोलंबिया विद्यापीठाची सन्माननीय पदवी घ्यायला बाबासाहेब गेले, तेव्हा जुन्या गुरूंना भेटण्याची त्यांना आस होती. पण 1 जून रोजीच ड्यूईंचे निधन झाले होते. त्याचे दुःख त्यांनी माईसाहेबांना पत्रातून कळवले.

या ड्यूईंनी 1896 साली शिकागो येथे एक लहानशी शाळा काढली होती. मुले सोळा आणि शिकवणारे दोघे. तिथे मुले स्वयंपाक करीत, सुतारकाम करीत, सूत काढून विणीत. त्यातूनच हिशेब, विज्ञान, भूगोल आणि इतिहास शिकत. एकदा मुलांपुढे प्रश्न आला की माणसाने लोकर आधी वापरली, मग कापूस मागे का पडला? मास्तरांनी उत्तर सांगितले नाही. मुलांच्या हाती कापसाची बोंडे दिली. अर्धा तास खपून मुलांनी सरकी काढली, तेव्हा जेमतेम रुई निघाली. तिचे वजन एक औंससुद्धा, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅमही भरले नाही. उत्तर बोटांनीच सांगितले. ही हकीकत ड्यूईंनी 1899 सालच्या ‘स्कूल अँड सोसायटी’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

ती मुले बहुतेक शिकल्यासवरल्या घरांतली होती. त्यांना पुस्तक ओळखीचे होते आणि कापूस नवा होता. तलवाड्याच्या मुलाचे नेमके उलटे आहे. कापूस त्याच्या ओळखीचा आहे. त्या कापसाचे पुस्तक कोणी त्याच्यापुढे उघडलेले नाही.

बोंड उघडले की

समजा, तलवाड्याच्या एखाद्या वर्गात हेच बोंड ठेवले. मुले प्रथम काटा घेऊन कापूस तोलतील. सरकी वेगळी करून पुन्हा तोलतील. क्विंटलभर कापसातून साधारण तेहतीस ते पस्तीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. हे शेकडेवारीचे गणित झाले. आईने दिवसभरात किती किलो वेचले, किलोला भाव काय, मजुरी किती व्हायला हवी आणि हाती किती आली, हेही गणितच. असे मूल पुढे उचलीचा आणि टनाचा हिशेब स्वतः मांडील. मुकादमाच्या वहीत काय लिहिले आहे ते बापाला वाचून दाखवील.

मग इतिहास. ‘कापूस मागे पडला’ हे शिकागोचे उत्तर आपल्याकडे लागू पडते का? मोहेंजोदडोच्या उत्खननात हजारो वर्षांपूर्वीच्या सुती कापडाचे अवशेष मिळाले आहेत. आपल्या मराठवाड्याच्या सीमेवरच्या अजिंठ्याच्या बौद्ध लेण्यांत सरकी काढण्याचे लाटण्यासारखे साधन चितारलेले अभ्यासकांना आढळले. ते पाचव्या शतकातले मानतात. म्हणजे ज्या भिक्खूंच्या विहारांपुढे आपण वंदन करतो, त्यांच्या भिंतींवर कष्टकऱ्याचे अवजारही आहे. मूल पुस्तकातल्या उत्तरालाही प्रश्न विचारायला शिकते, ते असे.

पुढे चला. 1793 साली अमेरिकेत एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र केले. यंत्राने गुलामांचे कष्ट कमी व्हायला हवे होते. झाले उलट. कापूस झपाट्याने साफ होऊ लागला, म्हणून तो अधिक पेरला गेला आणि वेचायला अधिक गुलाम लागले. 1790 साली तिथे सुमारे सात लाख गुलाम होते, ते 1860 साली चाळीस लाखांच्या घरात गेले. 1865 साली गुलामगिरी कायद्याने संपली. ती संपवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांनाच महात्मा जोतीराव फुल्यांनी 1873 साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला.

आणि तोच कापूस मुंबईच्या गिरणीत आला, तेव्हा? जास्त पगाराच्या विणखात्यात आपल्या माणसांना घेत नसत. धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढावा लागे, आणि आपल्या तोंडाचा धागा इतर कामगारांना विटाळ वाटे. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे पुढे आणला. एका बोंडातून गणित निघाले, विज्ञान निघाले, भूगोल निघाला आणि आपल्या आजोबांच्या अपमानाची नोंदही निघाली. हे सारे वगळून नुसता कापूस वेचायला लावला, तर ते शिक्षण नव्हे, ती वेठ झाली.

महाराष्ट्रातली वाट

हा विचार आपल्याला परका नाही. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी खेड्यातल्या शाळेसाठी मोडी-बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, आरोग्य यांबरोबर शेतीचे ज्ञान मागितले. शाळेला जोडून लहानसे नमुन्याचे शेत असावे, असेही सुचवले. त्यांनी अक्षराच्या जागी शेती मागितली नव्हती, दोन्ही एकत्र मागितली होती.

पुणे जिल्ह्यातले पाबळ हेही आपल्या बीडसारखे अवर्षणाचे गाव. तिथे 1983 साली शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शेती-पशुपालन, यंत्र-बांधकाम, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य अशी कामाची चार अंगे त्यांनी बसवली. प्रत्येक मूल चारही अंगांचे काम करते. सुताराच्या मुलाने सुतारकी आणि मजुराच्या मुलाने माती, अशी वाटणी तिथे नाही. ही पद्धत पुढे माध्यमिक शाळांतही गेली. डॉ. कलबाग 2003 साली गेले, पण काम चालू आहे.

तीन कसोट्या

तेव्हा आपल्या मुलांच्या शाळेत हातकाम आले, तर त्याला आंधळेपणाने होकार देऊ नये आणि रागाने नकारही देऊ नये. आम्ही तीन कसोट्या सुचवतो.

पहिली, काम पाळीने सर्वांना आहे का? झाडू आणि खुरपे ठरावीक घरांतल्या मुलांच्याच हाती येत असेल, मुलींनाच चूल आणि मुलांनाच यंत्र मिळत असेल, तर तिथेच बोट ठेवावे.

दुसरी, काम संपल्यावर वही उघडते का? मोजले काय, लिहिले काय, वाचले काय? दिवसअखेर वही कोरी राहिली, तर मुलाचा दिवस वाया गेला. आपल्या मुलांना हात आधीच मिळाले आहेत, त्यांना अक्षर हवे आहे.

तिसरी, ‘का?’ असे विचारायची मुभा आहे का? भगवंतांच्या धम्माला ‘एहि पस्सिको’ म्हणतात, या आणि स्वतः पाहा. जिथे पाहायला, पारखायला मोकळीक नाही, तिथे हातकाम म्हणजे निव्वळ राबणे.

हे विचारायचे कोणी? आपणच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. आपल्या माता-भगिनींनी त्या जागा रिकाम्या सोडू नयेत. सभेची तारीख विचारावी, जावे, बोलावे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी निघण्यापूर्वीच मुलाच्या हंगामी वसतिगृहाची चौकशी करावी. मूल फडावर गेले, तर बोंडही राहिले आणि वहीही राहिली.

1950 साली बाबासाहेबांनी त्या वेळच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले, ते मराठवाड्यातल्या अशाच घरांच्या मुलांसाठी. त्या मुलांच्या हातांना घट्टे होते आणि डोक्यात प्रश्न होते. आपल्या पोरांना उद्या कोणी ‘कोयता’ म्हणून मोजू नये, अशी इच्छा असेल, तर आज त्यांच्या वहीत काय लिहिले गेले, हे रोज संध्याकाळी विचारावे. वाचता येत नसेल त्या आईनेही विचारावे. मूल वाचून दाखवील.

जय भीम!