पावती रद्द, पान शाबूत

सकाळी ८
कापसाचा हंगाम आहे. खामगावात या दिवसांत जिनिंगच्या वाटेवर सकाळपासूनच गाड्यांची रांग लागते. आमचं सॉफ्टवेअर अशाच जिनिंगसाठी आहे. प्रोग्रामर पुण्यात बसतात, मी इथं घरूनच त्याची माहितीपत्रकं लिहिते. आता त्यात एआय एजंट आलाय. मुनीमजी बोलतात, एजंट नोंदी करतो. आज त्याच्या हातात पावती खोडण्याचं टूल द्यायचंय आणि त्याचं वर्णन मला लिहायचंय. सध्या तिथं एकच ओळ आहे : ‘दिलेल्या क्रमांकाची पावती काढून टाकते.’ माणूस हे वाचून चार शंका विचारील. एजंट विश्वास ठेवतो आणि कामाला लागतो.

सकाळी ९
लिहिण्याआधी काट्यावर गेले. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा, भाव, मग पावती. पुन्हा मोजल्यावर ओलावा वेगळा निघाला, की पावती बदलावी लागते. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांच्या पुढे भाव कापतात आणि १२ च्या वर माल घेतच नाहीत, त्यामुळे त्या आकड्यावरून वाद ठरलेला. मुनीमजींनी चुकलेल्या पावतीच्या सगळ्या प्रती एकत्र केल्या, आडवी रेघ मारली, ‘रद्द’ लिहून सही केली. पान पुस्तकातच राहिलं.
“काका, फाडून का टाकत नाही?”
“काहून फाडू? उद्या मालक मलेच विचारीन, पान कुठं गेलं.”
सातबाऱ्यावरही जुन्या खातेदाराचं नाव कंसात जातं, शेजारी फेरफार क्रमांक असतो. तिथंही जुनं पुसत नाहीत.

सकाळी ११
एरिक इव्हान्सचं डोमेन-ड्रिव्हन डिझाइनवरचं पुस्तक २००३ चं. त्याचं म्हणणं असं, की धंद्यातली माणसं जी भाषा बोलतात तीच कोडमध्ये यावी. आमच्या कोडमध्ये ‘डिलीट’ होतं, काट्यावर ते मला कुठंच सापडलं नाही. म्हणून टूलचं नावच बदलायला सुचवलं : ‘पावती रद्द करा’, आणि कारण देणं सक्तीचं.

दुसरी गोष्ट हद्दीची. इव्हान्स ज्याला अ‍ॅग्रिगेट म्हणतो, त्या घोळक्यात एक मुख्य वस्तू असते आणि बाहेरून फक्त तिलाच हात लावायचा. इथं मुख्य वस्तू पावती. वजनं, ओलावा, कपात या तिच्या आतल्या नोंदी, त्या तिच्याबरोबरच रद्द होतात. शेतकऱ्याचं खातं, दिलेले पैसे आणि त्या कापसाची बांधलेली गठाण हे सारं हद्दीबाहेर. वर्णनात हे स्पष्ट लिहावं लागतं. नाहीतर एजंट ‘साफसफाई’ म्हणून पुढचंही उरकायला जातो.

दुपारी १
अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एजंटाला टूल जोडण्याच्या ठरावीक पद्धतीत, टूलवर ‘हे नुकसान करू शकतं’ अशी खूण लावता येते. लावली. पण खूण ही नुसती सूचना, कुलूप नव्हे. कुलूप कोडमध्येच हवं. टूल नकार देतं तेव्हाचा संदेशही पुन्हा लिहिला. आधी ‘अमान्य स्थिती’ एवढंच होतं. आता : ‘या पावतीचे पैसे दिले आहेत. रद्द होणार नाही. उलट नोंद करा आणि आधी मुनीमांना विचारा.’ एजंटाला अडवलं, की पुढची वाटही सांगावी लागते, नाहीतर तो आडवाट शोधतो.

दुपारी २.३०
लाइट गेली. इन्व्हर्टरवर जेवण.

दुपारी ३.३०
पुण्याशी बोलणं. “ताई, खरंखुरं पुसायचं टूलही लागेलच ना?” लागेल. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १२ मध्ये माणसाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे, कायद्याने जपावी लागणारी माहिती वगळून. पण शेतकऱ्याचा मोबाइल नंबर पुसणं वेगळं आणि पावती रद्द करणं वेगळं. दोन्ही एका टूलमध्ये कोंबायला मी साफ नकार दिला. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंग सेवेच्या एजंटाने ‘काही बदलू नकोस’ असं सांगूनही चालू डेटाबेस उडवला होता. त्या बातमीची आठवण करून दिल्यावर वाद मिटला.

संध्याकाळी ५
चाचणी. ‘कालच्या गाडीची पावती काढ.’ मुनीमाच्या तोंडी याचा अर्थ पावती बनव. जुन्या वर्णनावर एजंट ती खोडायला निघाला! ‘काढून टाक’ आणि ‘काढ’ यांत एका शब्दाचा फरक, आणि आमच्याच जुन्या ओळीने घोळ वाढवलेला. वर्णनात भर घातली : ‘पावती काढ’ म्हणजे नवी पावती, त्यासाठी हे टूल वापरू नये. दोन पावत्या जुळल्या तर दोन्ही दाखवून विचारावं.

संध्याकाळी ६.३०
पुण्याचा शेवटचा प्रश्न : एका वेळी किती पावत्या? एकच. यादी आली तर टूल ती परत करेल. मुनीमजीही एकेका पावतीवर सही करतात. वर्णन फार लांबलं, अशी तक्रार आली. दोन वाक्यं कमी केली. पैसे दिलेल्या पावतीचं आणि ‘पावती काढ’चं वाक्य तसंच ठेवून पाठवून दिलं.