ओल्या कातळावरची पकड

ओहोटी लागली की कोकण-गोव्याच्या कातळांवर हिरव्या कवचाच्या शिनाण्यांचे झुबके उघडे पडतात. लाटांचा एवढा मारा सोसूनही ती जागची हलत नाहीत. प्रत्येक शिनाणे काथ्यासारख्या बारीक धाग्यांनी खडकाला बांधलेले असते आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक चिकट चकती असते.

आपले बहुतेक गोंद अशा ठिकाणी हरतात. ते कमकुवत असतात म्हणून नव्हे. खडकावरची जागा पाण्याच्या रेणूंनी आणि क्षारांच्या आयनांनी आधीच अडवलेली असते. गोंद त्या थरालाच चिकटतो, खडकापर्यंत पोहोचतच नाही.

१९८१मध्ये हर्बर्ट वेट आणि मार्विन टँझर यांनी मायटिलस एड्युलिस या शिनाण्याच्या भाऊबंदाच्या चिकट प्रथिनात डोपा हे अमिनो आम्ल असल्याचे दाखवले. कंपवाताच्या रुग्णांना औषध म्हणून देतात तोच हा एल-डोपा. त्याच्या कड्यावर शेजारी-शेजारी बसलेले दोन हायड्रॉक्सिल गट खनिजाला घट्ट धरतात. चकतीच्या अगदी तळाशी असणाऱ्या एका प्रथिनात तर जवळपास ३० टक्के डोपाच असतो. त्याच्या जोडीला असते लायसिन. २०१५मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संशोधकांनी या जोडगोळीचे काम उलगडले: धनभारित लायसिन पृष्ठभागावरचे क्षारांचे आयन हुसकावून लावते आणि मोकळ्या झालेल्या जागेवर डोपा ताबा मिळवतो.

पण समुद्राचे पाणी अल्कधर्मी, त्यात ऑक्सिजन विरघळलेला. अशा पाण्यात डोपाचे ऑक्सिडीकरण होऊन क्विनोन बनते आणि खनिजावरची पकड सुटते. म्हणून हा जीव आपला मांसल पाय खडकावर दाबून खाली एक बंदिस्त पोकळी तयार करतो. तिच्यात आम्लधर्मी स्राव सोडतो, आणि त्यासोबत गंधकयुक्त गटांनी समृद्ध असे आणखी एक प्रथिन, जे क्विनोनचा पुन्हा डोपा करते. काही मिनिटांत चकती तयार होते, पाय उचलला जातो. मला खरी थोरवी इथे दिसते. डोपा प्रयोगशाळेतही बनवता येतो. त्याला योग्य क्षणापर्यंत जपणे फार अवघड आहे.

जहाजांच्या बुडाला चिकटणाऱ्या बार्नॅकलच्या सिमेंटमध्ये तर डोपा नसतोच. त्याची अळी आधी तेलकट स्राव सोडून पृष्ठभागावरचे पाणी हटवते, आणि प्रथिने त्यामागून काम करतात. रेणू वेगळे, पण जागा आधी मोकळी करण्याचे धोरण तेच.

हे धोरण २०२१मध्ये एमआयटीतील संशोधकांनी शस्त्रक्रियेसाठी वापरून पाहिले. त्यांनी सिलिकॉन तेलात चिकट सूक्ष्मकण मिसळून लेप बनवला. जखमेवर दाबला की तेल रक्ताला बाजूला सारते, कण एकमेकांत गुंततात आणि ऊतीला धरतात. साधारण १५ सेकंदांत रक्तस्राव थांबतो. रक्त गोठू न देणारे हेपारिन दिलेल्या डुकरांच्या यकृतावरही हा लेप लागू पडला, कारण त्याला रक्त गोठण्याची वाट पाहावी लागत नाही.