औषध नवे, पण घराणे?

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला, की द्राक्षावर केवडा आलाच म्हणून समजा. मग दुकानात आपला पहिला प्रश्न, "नवीन काय आलंय?"

नवे औषध कसे घडते, पाहा. युरोपात पाइनच्या गळालेल्या फळांवर एक छोटी अळिंबी उगवते. ती आपल्याजवळ दुसरी बुरशी फिरकू देत नाही. तिच्यातले द्रव्य उन्हात टिकेना, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच धर्तीवर टिकाऊ रसायने बनवली. १९९६ साली ती बाजारात आली. ती बुरशीचा श्वासच कोंडतात.

पण घाव एकाच जागी! त्या जागी जरासा बदल झालेली बुरशी वाचते, आणि तिचीच पिलावळ वाढते. जर्मनीत १९९८ सालीच गव्हावरची भुरी या औषधांना जुमानेनाशी झाली. पुढे महाराष्ट्रातल्या द्राक्षाच्या केवड्यातही तेच आढळले.

तेव्हा डब्यावरचे मोठे नाव सोडा, घटकाचे नाव वाचा. ॲझॉक्सिस्ट्रोबिन काय, पायराक्लोस्ट्रोबिन काय, शेवटी 'स्ट्रोबिन' आले की घराणे एकच. ते लागोपाठ मारू नका; मध्ये दुसऱ्या घराण्याचे औषध घ्या. मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण १८८५ पासून टिकून आहे, कारण तांबे अनेक जागी घाव घालते.