५० हजारांत हस्तकला दागिन्यांचं दुकान: माल कसा निवडाल?

दागिन्यांचं दुकान टाकायचं म्हटलं की बरेच जण थेट घाऊक बाजार गाठतात आणि डोळ्यात भरेल ते उचलतात. सहा महिन्यांनी निम्मा माल तसाच टांगलेला असतो. भांडवल त्यात अडकतं, नवीन माल आणायला पैसा उरत नाही. दुकान बसतं ते इथेच.

उदाहरण म्हणून वाशीम जिल्ह्यातलं शेलूबाजार घ्या. समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज जवळ आहे, पण त्या गाड्यांच्या भरवशावर दुकान टाकू नका. तुमचं खरं गिऱ्हाईक आसपासच्या खेड्यातलं.

भांडवल असं वाटा

- २० हजार: रोजचा उठाव. कानातले, बांगड्या, साध्या माळा. भाव ५० ते २०० रुपये.
- १५ हजार: लग्नसराई. नथ, ठुशी, चिंचपेटी, मोहनमाळ. प्रत्येक प्रकाराचे दोन-तीनच नग.
- १० हजार: बंजारा काम. कवड्या, आरसे, घुंगरं, रंगीत दोरा.
- ५ हजार: हात लावायचा नाही. जे खपेल तेच पुन्हा भरायला.

चांदीचे पैंजण हवेत? कोल्हापूर जिल्ह्यातलं हुपरी त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण सुरुवातीला नमुना दाखवा, ॲडव्हान्स घ्या, मगच मागवा.

तुमची खरी ओळख तिसऱ्या भागात

घाऊक बाजारातला माल शेजारचा दुकानदारही आणेल. बंजारा काम मात्र तुमच्या दारात आहे. पोहरादेवी याच जिल्ह्यात आहे, रामनवमीला तिथे मोठी यात्रा भरते. तांड्यावरच्या बायांकडून नवीन दागिने करून घ्या. अडचणीत सापडलेल्या म्हातारीच्या अंगावरची जुनी हासली मोडीच्या भावात घेऊ नका. तो धंदा नाही, आणि ती गोष्ट तांडाभर व्हायला वेळ लागत नाही. पुन्हा तिथे कोण तुम्हाला माल देईल?

हिशेब सोपा आहे. माळ करणाऱ्या ताईला सामान आणि मजुरी मिळून ३०० दिले, तर किंमत ४५० लावा. गिऱ्हाइकाने घासाघीस करून ४०० ला नेली तरी १०० सुटतात. ते ५० रुपये तुमच्या नफ्यातून जाऊ द्या, ताईच्या मजुरीतून नाही. सगळा माल रोखीने घेणं जमत नसेल तर काही नग विक्रीवर ठेवा, पण वहीत लिहा आणि ठरलेल्या तारखेला पैसे द्या.

चिठ्ठीवर खरं लिहा

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. निकेलने काहींच्या अंगाला खाज सुटते. "चांदीसारखंच आहे" म्हणून विकलंत तर एक नग जाईल आणि घर तुटेल. लहान गावात एक घर तुटलं की दहा तुटतात.

आजचं काम

एक वही घ्या. चार रकाने पाडा: नग, आणल्याची तारीख, खरेदी, विकल्याची तारीख. ९० दिवसांत न हललेला नग मूळ भावात काढून टाका आणि तो प्रकार पुन्हा भरू नका. दुकानात काय ठेवायचं हे तुमच्या आवडीपेक्षा ही वही जास्त चांगलं सांगेल.