गाडी, ओझे आणि तोल



बैलगाडी भरणारा जाणता माणूस पोती नुसती मोजून टाकत नाही. कोणते पोते कुठे ठेवायचे, तेही पाहतो. ओझे फार पुढे आले तर जू बैलांच्या मानेवर दाबते. मागे गेले तर गाडी उलाळते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. मोटारीचेही असेच आहे. अमेरिकेतल्या एका उदाहरणावरून ते चांगले कळेल.

तिकडे पिकअप गाडीच्या उघड्या हौद्यात एक आख्खी खोली बसवून लोक प्रवासाला निघतात. या खोलीला कॅम्पर म्हणतात. तीत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, कधी न्हाणीघरसुद्धा असते. मुक्कामी तिला चार पायांवर उभी करून गाडी खालून काढून घेता येते. पण वाटेत तिला स्वतःची चाके नसतात. सगळा भार पिकअपच्या अंगावर.

मग कोणत्या गाडीवर कोणती खोली चढवावी? तिकडे गाड्यांना अर्धा टन, पाऊण टन, एक टन अशी नावे आहेत. ती पूर्वी भार पेलण्याच्या शक्तीवरून पडली. आज ती नावापुरतीच उरली आहेत. खरे आकडे दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर असतात : भरलेल्या गाडीचे एकूण वजन किती चालेल, आणि पुढच्या व मागच्या आसावर किती.

आता एक हिशेब करू. समजा, गाडीची मर्यादा ४,५०० किलो आहे. टाकीभर इंधन आणि दोन माणसे धरून ती काट्यावर ३,३०० किलो भरली. उरले १,२०० किलो. खोलीचे कोरे वजन १,०५० किलो. माणूस म्हणतो, झाले की काम! पण थांबा. पाणी दीडशे लिटर, म्हणजे १५० किलो. गॅसच्या टाक्या ३५, बॅटऱ्या ५०, छत्री आणि उभे करायचे पाय १२०, कपडे, भांडी, शिधा, हत्यारे १५०. ही बेरीज ५०५ किलो. खोली झाली १,५५५ किलोंची, आणि गाडीवर ३५५ किलो जास्त!

पाट्यांना जोड दिली की झाले, असे कोणी म्हणेल. त्याने गाडीची बसकी पाठ उचलते खरी; पण ब्रेक, टायर आणि आस तेच राहतात. उतारावर ब्रेक तापतात, टायर फुटतो, तेव्हा पाटे काय करणार? म्हणून जड खोलीसाठी मागे जोडचाके असलेली, मुळातच दणकट गाडी घेतात.

दुसरी गोष्ट जागेची. पुढच्या आणि मागच्या आसांत ४ मीटर अंतर आहे आणि ३०० किलो ओझे मागच्या आसाच्या १ मीटर मागे ठेवले, असे समजा. तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरचा भार ७५ किलोंनी घटतो आणि मागच्या आसावर ३७५ किलो पडतात. पुढची चाके हलकी झाली की सुकाणू ऐकेनासे होते. अमेरिकेत म्हणूनच नियम आहे, की कॅम्परचे वजन आणि गुरुत्वमध्य बनवणाऱ्याने कळवावा, आणि तो हौद्यात कुठून कुठवर चालेल हे गाडीच्या पुस्तिकेत असावे. शिवाय खोली उंच असते. ओझे जितके उंच, तितकी गाडी वळणावर कलते.

आपल्याकडे अशा खोल्या फारशा दिसत नाहीत. पण कांदा, टोमॅटो, ऊस वाहणारे पिकअप गावोगाव आहेत. त्यांच्या नोंदणीपत्रावरही रिकाम्या आणि भरल्या गाडीचे वजन लिहिलेले असते. दुसऱ्यातून पहिले वजा करा. उरेल त्यातच माल आणि बसलेली माणसे. हंगामात भाव बरा असला की आणखी चार क्रेट चढवावेसे वाटतात; घाटात ती चार क्रेट भारी पडतात. एकदा भरली गाडी वजनकाट्यावर न्या. जमल्यास पुढची आणि मागची चाके वेगवेगळी तोला. जड माल खाली, मागच्या आसाच्या पुढे ठेवा.

गुरुजींना एक विनंती. गावातल्याच एखाद्या पिकअपचे आकडे फळ्यावर मांडा आणि मुलांकडून वजाबाकी करून घ्या. तरफेचा धडा त्यांना पुस्तकापेक्षा लवकर कळेल, आणि तो हिशेब घरी वडिलांच्या कानावरही जाईल.