गावांच्या भेंड्या आणि शेवटचं अक्षर

गाण्याच्या भेंड्यांना गळा लागतो, गावांच्या भेंड्यांना नुसता नकाशा पुरतो. रत्नागिरीत हा खेळ रंगतो तेव्हा बहुतेक जण गाव सुरू कुठल्या अक्षरानं होतं एवढंच पाहतात. मुरलेला गडी ते संपतं कशावर हे आधी बघतो, कारण तेच अक्षर समोरच्याच्या गळ्यात पडणार असतं.

काना-मात्रेचा हिशेब

भेंड्यांत काना, मात्रा, वेलांटी सोडून द्यायची. दापोलीचा शेवट ल, नेवरेचा र. ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत, म्हणून चिपळूणवर न घ्यायचा आणि दाभोळवर ल.

शब्दकोड्यात ही सवलत नाही. एका चौकोनात मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं आणि जोडाक्षरालाही एकच घर मिळतं. वेळणेश्वर पाच घरांत मावतं, रत्नदुर्ग चारांत. दापोलीच्या शेवटच्या घरातून खाली उतरणारा शब्द 'ली'नंच सुरू व्हायला हवा. मग लीला, लीन आणि अगदीच अडलं तर लीद. इंग्रजी स्क्रॅबलमध्ये सुट्या अक्षरांची आय-एन-जी ही शेपटी मांडलेल्या शब्दाला चिकटवून गुण मिळवता येतात. आपल्याकडे प्रत्यय लागला की मूळ शब्दच रूप बदलतो, त्यामुळे तो डाव तितका सोपा नाही.

नऊ तालुके, चार र

जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांपैकी गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी आणि राजापूर हे चार र वर संपतात. त्यातले रत्नागिरी आणि राजापूर सुरूही र नंच होतात, म्हणजे र घेऊन र च परत करतात. फक्त तालुक्यांची नावं घेऊन खेळलात तर गुहागर, रत्नागिरी, राजापूर अशी तिनांची साखळी होते आणि तिथेच तुटते. चार तालुके कशीही फिरवाफिरव करून जोडता येत नाहीत. गावं घेतली तर र ची कोंडी फोडायला रीळ हे एका अक्षराला वेलांटी देऊन झालेलं चिमुकलं गाव आहे. ते पुढच्याला ल देतं.

हुकमाचं पान: ड

खरी मारामारी ड वर. जयगड, पूर्णगड, मंडणगड हे गड, शिवाय खेड, मुरुड, केशवसुतांचं मालगुंड. ड वर संपणारी नावं अशी मुबलक, पण ड नं सुरू होणारी पटकन सुचतात ती डेरवण, डिंगणी, डोर्ले. पहिल्या दोन फेऱ्यांत ती उडाली की समोरचा डोकं खाजवतो.

म्हणून म मिळाला तर मालगुंड, मंडणगड किंवा मुरुड टाकायचं. कुणी लांजा म्हटलं की जयगड. देवरुख मात्र जपून वापरा. ख वर खेड हे उत्तर शेंबड्या पोरालाही येतं, आणि मग ड तुमच्याच अंगावर.

गोळप, फणसोप, कसोप ही भाट्याच्या खाडीपलीकडची नावं ऐकायला अवघड वाटतात, पण डावात कुचकामी. प वर पावस, पाली, पालशेत, पोफळी अशी रांग तयार असते.

वली आणि कर

आरवली, आडवली, वेरवली, पुढे सिंधुदुर्गात कणकवली: कोकण रेल्वेवर वली भरपूर. मुंबईकडे बोरिवली, कांदिवली, डोंबिवली आहेतच. पण ल ला लांजा, लोटे, लाडघर अशी उत्तरं असल्यानं वलीनं कुणी अडत नाही.

आडनावांच्या भेंड्या रत्नागिरीत खेळूच नयेत. पावसकर, देवरुखकर, पालशेतकर, गुहागरकर. सगळे र वर येऊन थांबतात आणि सगळ्यांना र नं सुरू होणारं आडनाव शोधत बसावं लागतं. शब्दकोडं सोडवणाऱ्याला मात्र हाच 'कर' फुकटात दोन घरं भरून देतो. 'कर'च्या आधीचा भाग मात्र सांभाळा: नाचणेचा नाचणकर होताना मात्रा गळते, नेवरेच्या नेवरेकरात ती टिकते.

भांडणाची जागा

वाड्यांची नावं चालणार का, शेजारचा जिल्हा चालणार का, हे आधीच ठरवून घ्यावं. त्याहून आधी स्टेशनांचं ठरवा. संगमेश्वर गाव र देतं, पण फलाटावरची पाटी 'संगमेश्वर रोड' म्हणते. राजापूर रोड आणि आरवली रोडही तसेच. स्टेशनं मान्य केलीत तर र च्या आणि ल च्या जागी एकदम तीन ड हातात येतात, आणि हे ज्याला आधी सुचतं तो स्टेशनांच्या बाजूनं हिरिरीनं वाद घालतो.