फ्लूच्या विषाणूची कात्री

परळची हाफकिन संस्था तुमच्यापैकी काही जणांनी निदान बाहेरून तरी पाहिली असेल. गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात १८९९ पासून ही प्रयोगशाळा काम करीत आहे. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्ल्यूएंझाची साथ आली, तेव्हाही ती होतीच. पण फ्लूवर औषध कोणापाशीच नव्हते. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली.

असे का झाले? शत्रू दिसतच नव्हता! फ्लूच्या विषाणूचा व्यास सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. तरंगलांबीच्या निम्म्याहून लहान वस्तू साध्या सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट दिसत नाही. माणसाच्या फ्लूचा विषाणू वेगळा काढता आला तो १९३३ साली.

या विषाणूच्या अंगावर प्रथिनांचे दोन प्रकारचे काटे असतात. एकाचे नाव हीमॅग्लुटिनिन, दुसऱ्याचे न्यूरामिनिडेज. 'एच-१ एन-१' या नावातील एच आणि एन ते हेच. त्यांचे काम समजण्यासाठी आपली गर्दीची लोकल आठवा. चढताना दांडा घट्ट पकडावा लागतो. पण उतरताना तो सोडता आला नाही, तर?

आपल्या पेशींवर शर्करेच्या साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकाला सियालिक आम्ल असते. हाच आपला दांडा. हीमॅग्लुटिनिन तो पकडते आणि विषाणू पेशीत शिरतो. आत त्याच्या असंख्य प्रती तयार होतात. त्या बाहेर पडू लागल्या, की त्यांचेही हीमॅग्लुटिनिन त्याच पेशीवरील सियालिक आम्लाला चिकटते. अशा वेळी न्यूरामिनिडेज सियालिक आम्ल कापून टाकते आणि विषाणू मोकळा होतो. न्यूरामिनिडेज हे विकर, म्हणजे एन्झाइम आहे. ही विषाणूची कात्रीच म्हणा ना!

या कात्रीचा आकार कळला तो पदार्थविज्ञानामुळे. क्ष-किरणांची तरंगलांबी अणूंमधील अंतराएवढी लहान असते. प्रथिनाच्या स्फटिकातून ते पाठविले, की विशिष्ट दिशांना विखुरतात. त्यावरून गणिताने अणूंच्या जागा काढता येतात. ऑस्ट्रेलियातील पीटर कोलमन, जोस व्हर्गीज आणि ग्रॅम लेव्हर यांनी १९८३ साली न्यूरामिनिडेजची रचना प्रसिद्ध केली. चार सारखे भाग मिळून एक छत्री आणि तिला बारीक दांडा, असे त्याचे रूप आहे. प्रत्येक भाग सहा पात्यांच्या पंख्यासारखा असून मधोमध एक खळगा आहे. कापण्याचे काम तेथेच चालते.

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. फ्लूचा विषाणू बाहेरून सतत बदलत असतो. पण या खळग्यातील कापणारे अमिनो आम्लांचे घटक फ्लूच्या निरनिराळ्या जातींत जवळजवळ सारखेच राहतात. मग सियालिक आम्लासारखा दिसणारा, पण कापला न जाणारा रेणू तेथे अडकवून दिला तर? याच विचारातून झानामिव्हिर आणि ओसेल्टामिव्हिर ही औषधे तयार झाली. १९९९ पासून ती वापरात आहेत.

२००९ साली एच-१ एन-१ ची नवी साथ पुण्या-मुंबईत आली. या वेळी हाफकिन संस्थेत रुग्णांचे नमुने तपासता येत होते आणि डॉक्टरांच्या हाती ओसेल्टामिव्हिर होते. मात्र हे औषध विषाणूला मारीत नाही, त्याला अडकवून ठेवते. म्हणून ते पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास अधिक उपयोगी पडते. नंतर पुष्कळसे विषाणू सुटून गेलेले असतात.

विषाणूही स्वस्थ बसत नाही. न्यूरामिनिडेजमधील २७५ व्या जागी हिस्टिडिनऐवजी टायरोसिन आले, की ओसेल्टामिव्हिर खळग्यात नीट बसत नाही. २००७ ते २००९ या काळात नेहमीच्या एच-१ एन-१ विषाणूत हा बदल जगभर पसरला. सियालिक आम्लाशी अधिक मिळतेजुळते असलेले झानामिव्हिर मात्र त्यावरही चालत राहिले. म्हणूनच डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अशा गोळ्या घेऊ नयेत; आणि कात्रीची धार कशी बदलते आहे, यावर प्रयोगशाळांना सतत नजर ठेवावी लागते.